गोठ्यात लागलेलं नेट

आधीच सांगून ठेवतो — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. नवस, उतारा, अंगात येणं यातलं काही वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यातून मी शहापूरला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवणारा. वायर तुटली की बंद, जोडली की चालू, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तरीही २००९ साली आमच्या किन्हवलीत भर दिवसा जे घडलं, ते मी स्वतः पाहिलंय. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून मग हसा.

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे सुदामकाकांचं घर. काका शेतकरी, पण पंचक्रोशीत ओळख पाणाड्या म्हणून. विहीर खोदायची असो की बोअर मारायची, पार धसईपर्यंतची माणसं त्यांना न्यायला येत. उंबराची दुफाटी फांदी दोन्ही हातांत धरून ते शेतातून चालायचे, आणि फांदी वाकली की तिथे पाणी. मी त्यांची भरपूर टिंगल केलेली. "काका, फांदीत सेल कुठं घालता?" असं विचारायचो. ते नुसते हसायचे. त्यांची एक पद्धत होती — ज्याला पाण्याची गरज आहे, त्याचं नाव तोंडाने घेतल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत.

त्यांची बायको म्हणजे आमची काकी. त्याआधी दोन वर्षं तापात तिचे दोन्ही कान गेले होते. कानाशी ताट वाजवलं तरी मान वळायची नाही. त्यात त्या वर्षी बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलं, आणि पायाला विटांचं वजन टांगलेली काकी मागच्या खोलीत खाटेला खिळली. लेक वंदना मस्कतला नर्स. तिचा फोन यायचा, पण काकीला ऐकू कसा येणार? लिहिता-वाचताही येत नव्हतं. होता होता काकीच्या मनाने घेतलं की वंदना आता या जगात नाही, आणि सगळे मिळून आपल्यापासून लपवताहेत. तिने जेवण सोडलं. फोटो दाखवला तर म्हणायची, "ह्यो जुना हाय. माझी पोर गेली, तुमी सांगत नाय."

पेजेचे दोन घोटही जाईनात तेव्हा मला सुचलं — वेबकॅम! आमच्याकडे टेलिफोनच्या लाइनवरचं ब्रॉडबँड होतं, वायफायचा राउटरही नुकताच बसवलेला. वंदनाला शुक्रवारी आपल्या वेळेने अकरा ते बारा तिकडचा एक कॉम्प्युटर मिळणार होता. मी आधी सरळ रस्त्यावरून केबल टाकली, तर पेंढ्याने शिगोशीग भरलेला टेम्पो दुसऱ्याच दिवशी ती ओढून घेऊन गेला. मग मुंबईहून रेंज एक्स्टेंडर आणला. काकांच्या दगडी भिंतींतून राउटरचा सिग्नल आत शिरत नव्हता. हा डबा मधे ठेवला की तो सिग्नल पकडून पुढे ढकलणार.

पण डबा कनेक्ट होईल तर शप्पथ! शुक्रवारी सकाळी आठपासून मी झटत होतो. राउटरच्या शेजारी ठेवला — हिरवा दिवा. काकांच्या ओसरीत नेला — लाल. पासवर्ड पुन्हा टाकला, चॅनल बदलला, सिक्युरिटी बदलून पाहिली, टाचणी खुपसून चार वेळा रीसेट मारला. माळ्यावर, दारात, अंगणातल्या खांबावर... लालच. साडेदहा वाजले. काका ओसरीत बसून बघत होते.

"नाय लागत?"

"जागा सापडत नाय, काका. कुठंतरी लागल, पण कुठं तेच कळत नाय."

काका उठले आणि उंबराची फांदी तोडून घेऊन आले. मी कपाळाला हात लावला. पण अडवणार कसा? माझे सगळे उपाय संपले होते.

"मंडळींसाठी पायजे," असं म्हणून ते चालायला लागले. सगळं अंगण फिरले. फांदी ढिम्म. परत येऊन तेच बोलले, परत फिरले. काही नाही. मग ते थांबले.

"नाव घ्याया लागल," ते पुटपुटले.

आता हे शहरातल्यांना गमतीचं वाटेल, पण चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. 'अगो', 'ऐकलास का', फार तर 'वंदनाची आय', नाहीतर 'मंडळी'. मलासुद्धा तिचं नाव तोवर माहीत नव्हतं. काकांनी रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले.

"हौसा... माझ्या हौसासाठी पायजे."

आवाज फुटलाच नाही धड. शेजारी उभ्या असलेल्या मला जेमतेम ऐकू आलं.

फांदी त्यांच्या हातात वळली. ते तडक गोठ्यात शिरले. तिन्ही बाजूंनी पत्रा — सिग्नलसाठी याहून वाईट जागा किन्हवलीत शोधून सापडली नसती. गव्हाणीच्या कोपऱ्यात फांदी खाली गेली.

"हितं ठेव, मिलिंदा."

वाद घालायला वेळ नव्हता. एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, वैरण बाजूला करून डबा ठेवला. लाल... लाल... हिरवा! मी हातभर डावीकडे सरकवला — लाल. उजवीकडे — लाल. परत जागेवर — हिरवा. बैल माझ्याकडे बघत होता आणि खरं सांगतो, त्या घडीला आमच्या दोघांच्या अकलेत फारसा फरक नव्हता. ज्या माणसाची मी वर्षानुवर्षं चेष्टा केली, त्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. फांदी गोठ्याच्या आढ्याला खोचून तो गुपचूप आत गेला. काकांबद्दल मला जो आदर वाटतो, तो त्या दिवसापासूनचा.

अकरा वाजून पाच मिनिटांनी काकीच्या खाटेशी ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपवर वंदना दिसली, पांढऱ्या कपड्यांत, थोडी जाड झालेली. काकी बघतच राहिली.

"हात हालव," काकी म्हणाली. वंदनाला ऐकू जात होतं, तिने हात हलवला.

"नाक धर." तिने नाक धरलं.

तेव्हा कुठे काकीची खात्री पटली, आणि मग ती जी रडली... आम्ही सगळेच रडलो. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून ती लेकीला म्हणाली,

"वंदे, आज तुझ्या बापानं माझा नाव घेतला गो. हौसा म्हनले. मी ऐकला."

काका दारातच खाली बसले. खोली घराच्या पार मागे, तिला पुढच्या बाजूला खिडकी नाही, मधे दोन दगडी भिंती. ओठ दिसायचा प्रश्नच नाही, आणि आम्हा दोघांपैकी कुणीही तिला काही सांगितलं नव्हतं. मी तिच्या डोक्यामागे जाऊन जोरात टाळी वाजवली. तिची मान वळली नाही.

त्या संध्याकाळी काकी तांदळाची भाकरी पोटभर जेवली. गोठ्यातल्या डब्याचं म्हणाल, तर हे वाचणारी इंजिनीअर मंडळी पत्र्यावरून सिग्नल परावर्तित झाला असेल म्हणतील. असेल, मान्य. फांदी काकांनीच नकळत वाकवली असेल — तेही मान्य. पण पुढे काका तिला रोज नावानेच हाक मारायला लागले, तीही रस्त्यापलीकडे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येईल अशी, आणि त्यातली एकही हाक काकीला कधी ऐकू गेली नाही. ती एकच कशी गेली, हे मला अजून कळलेलं नाही.