घोटभर पाणी

आमच्या गल्लीत पाणी प्यावं तर मावशीच्या दारातलं. कडुलिंबाखाली तिचा रांजण असायचा, आणि स्टँडकडं निघालेला माणूस तिथं थांबल्याशिवाय पुढं जायचा नाही. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, आमची शेजारीण. पण सगळी पोरं तिला मावशीच म्हणायची. अशा बाईच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभरात अर्धा लिटर पाणी, तेही चहा-वरण धरून. देवाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नाही.

तिचा एकुलता एक लेक बायकोला घेऊन ऊसतोडीला गेलेला. टोळी सोडून मधेच येणं जमेना. मग आम्ही तिघं दोस्त पुढं झालो. एकाची रिक्षा होती, दुसरा मानवतला कापडाच्या दुकानात होता, आणि मी शिकून घरी बसलेलो. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी परभणीला न्यायचं आणि बाकीचे दिवस तिच्यावर पहारा ठेवायचा. रांजण आम्हीच पालथा घातला. त्या दिवशी ती आमच्याशी बोलली नाही.

नंतर मात्र आम्ही दिसलो की म्हणायची, "आले माझे फौजदार!" तरी चोरून प्यायचीच. अंघोळीला बसली की ओंजळ तोंडात जायची. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर सगळं उघडं पडायचं. "पाणी पिलात ना?" सिस्टर विचारायची. "न्हाई बाई, तुमचा काटाच खोटा हाय," मावशी शपथेवर सांगायची. बोलणी आम्ही खायचो.

भेटायला येणाऱ्या बायका आम्हालाच सुनावायच्या. "घोटभर दिल्यानं काय व्हतंय? जीव तळमळायलाय तिचा." मला त्यांचा संताप यायचा. छातीत पाणी साचून मावशीला दम लागला की तिला धरून बसवायला त्यांच्यातली एकही नसायची.

एकदा मावशीच म्हणाली, "मरताना तोंडात पाणी घालायला लेकरू असावं म्हणत्यात. माझं लेकरू तिकडं. तवा तुमीच घाला बाबांनो. आन् आता मागायलेय तर थेंब देईनात मेले!" रिक्षावाला दोस्त हसला आणि त्यानं तिच्या जिभेवर बर्फाचा खडा ठेवला. तिनं डोळे मिटून तो चघळला. मला तिथं बसवेना.

उन्हं तापली तशी तिच्या ओठांना चिरा पडल्या. पण ऊसतोडीचा हंगाम संपत आल्याचा लेकाचा फोन आला आणि तिनं चोरून पिणं आपणहून सोडलं. "त्यो येईपत्तर टिकायचं हाय मला," म्हणाली. वाटीतला चहासुद्धा अर्धा ठेवायची. पुढच्या खेपेला काट्यावर वजन बरोबर भरलं. सिस्टरनं शाबासकी दिली. परत येताना रिक्षात तिची ऐट बघण्यासारखी होती. "बघितलं का, फौजदार?" मलाही वाटलं, आता ही लेकाला भेटणार. इतका मूर्ख मी आयुष्यात कधी झालो नसेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसल्या जागी गेली. लेक अजून वाटेतच होता. इतके दिवस तिला तहानलेलं ठेवलं, त्याचं काय झालं? काही नाही. पाणी पिऊनही ती गेलीच असती, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तुळशीचं पान टाकलेला तांब्या आणला. "घाला रे पाणी, लेकाच्या जागी तुमीच," म्हणाले. मी चमचाभर घातलं, दुकानातल्या दोस्तानं घातलं. रिक्षावाल्यानं चमचा बाजूला ठेवून तांब्याच उचलला. पाणी ओठांवरून गळ्यावर, गळ्यावरून उशीवर वाहत होतं. तो थांबेचना. बाबांनी त्याचं मनगट धरलं. "बस कर लेकरा, आत जात न्हाई ते."

"पिऊ द्या की तिला!" तो ओरडला. "आता कोण वजन करायलंय तिचं?"