गल्ल्यावरचा खळगा

बंदराच्या धक्क्यावरचं ते जुनं हॉटेल नव्यानं उघडून काही महिने झाले होते. मी आत शिरलो तोच मुळी संशय घेऊन. सगळं लाकूडकाम नवंकोरं, पण दिसायला जुनं. खांबाला किडीची भोकं होती. खाली बोट फिरवलं, तर भुशाचा कण नाही. ही कसली कीड, जी खाते आणि काहीच सांडत नाही?

गल्ल्याच्या टेबलापाशी मात्र थबकलो. जुने मालक तिथं कोपर टेकून बसायचे. वर्षानुवर्षं टेकून कडेला खळगा पडला होता. तो खळगा जागच्या जागी होता.

"टेबल तेच ठेवलंस?" मी त्यांच्या मुलीला विचारलं. आता गल्ल्यावर तीच बसते.

"छे हो काका! ते खाऱ्या हवेनं पार कुजलं होतं. सुताराला फोटो दाखवून खळगा कोरून घेतला. लोकांना आवडतं असलं."

चहा गोड लागेना. माणूस न बसताच त्याच्या बसण्याची खूण कोरता येत असेल, तर माझ्या मनातल्या खुणा तरी कशावरून खऱ्या?

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिची बसायची ढब वेगळी. तिचं कोपर त्या खळग्याच्या वीतभर अलीकडे टेकत होतं, आणि नेमकं तिथलं पॉलिश फिकट झालं होतं.

"हेही सुतारानंच केलं?" मी बोट ठेवून विचारलं.

तिनं वाकून पाहिलं. "अगंबाई, एवढ्यात उडालं? उद्याच बोलावते त्याला."