सेंधव्याला न पोहोचलेल्या गाद्या

आपले लोक आळशी, धडपड करत नाहीत, म्हणून देश मागे राहिला, असं कोणी ऐकवलं की माझं डोकं फिरतं. अशा माणसाला मी विचारते, तुम्ही कधी कापसाच्या गादीवर बसून सेंधव्याला निघाला होतात का?

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे कायदाच होता. कापूस पिकवायचा आपण, विकायचा मात्र फक्त सरकारला. आमचं गाव सोनगीरजवळ. त्या वर्षी ठेवायला जागा नाही म्हणून खरेदी केंद्राचं फाटक बंद झालं आणि आमच्या घरात कापूस आढ्याला टेकला. त्यातच जेवायचं, त्यातच झोपायचं, अंगभर खाज. विहिरीवरची मोटार जळालेली. ती दुरुस्त करून आणायला हातात दमडी नव्हती आणि गहू नुकताच निसवला होता, ओंब्या बाहेर पडत होत्या. आता पाणी मिळालं नाही तर संपलंच. राज्याच्या हद्दीपलीकडे सेंधव्याला कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले रोख पैसे देत. पण वाटेत नाका होता, आणि आपलाच कापूस तिकडे नेणं हा गुन्हा होता.

आईने जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवल्या, कापूस ठासून भरला आणि गाद्या केल्या. पोरीच्या लग्नाचं सामान म्हणून सांगायचं ठरलं. ती पोरगी मी, तेव्हा सातवीत. मामाच्या टेम्पोत गाद्यांच्या ढिगावर मला चढवलं, आई माझ्याशेजारी, वडील पुढे. कापूस सरकीसकट विकायचा, म्हणून भरलाही सरकीसकट. नाक्यावरच्या पोलिसाने गादी दाबून पाहिली, हाताला सरकी टोचली आणि तो हसायलाच लागला. असल्या गादीवर नवरीला झोप कशी लागणार, म्हणाला. मग वडिलांजवळ येऊन त्याने आवाज खाली आणला.

"एक गादी काढा नि जा पुढे."

वडिलांनी लगेच दोरी सोडायला घेतली. एका गादीवर निभावलं असतं, गहू वाचला असता. आईने त्याच गादीवर बसकण मारली.

"हाऊ कापूस आम्ही पेरा, आम्हीच येचा," ती पोलिसाला म्हणाली. "गादी दिधी ते आम्ही खरंच चोर व्हई जासूत."

वडिलांनी समजावलं, मामा चिडला, मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत राहिले. ती हलली नाही. शेवटी पोलिसाने वैतागून टेम्पो परत वळवायला लावला.

गहू वाळला. ओंब्या भरल्याच नाहीत, सगळा गुरांपुढे टाकला. वडील कितीतरी दिवस आईला बोल लावत राहिले. आईचं चुकलं असं तेव्हा मलाही वाटायचं. आता मुळीच वाटत नाही. धडपड आमच्यात कमी नव्हती, ती अडवायला माणूस पगारावर ठेवला होता. आणि वर आळशी आम्ही!

पुढे मी धुळ्याला कॉलेजात गेले. त्या सुमारास टीव्हीवर रोज सांगत होते, देशाची अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशचा माल येणार, आपला देश मोठा होणार. मी हरखून गेले होते. सुट्टीत घरी आल्यावर आईला सगळं समजावून सांगितलं. ती ज्वारी निवडता निवडता ऐकत होती.

"मंग आते आपला कापूस सेंधव्याले जाऊ देतस?" तिने विचारलं.

कायदा अजून तोच होता. नाही, म्हटलं.

"मंग काय खुलं व्हयनं?"