हरिचंद्राची मिशी आणि बिकानेरची माशी

मोरिवलीत हरिचंद्राचं घर विचारलंत तर कुणी गल्ली सांगणार नाही, मिशी सांगतील. बापजादे शेतकरी, त्यांच्या आधीचे मिठागरातले. जमिनीवर कारखाने आले तेव्हा उरल्यासुरल्या तुकड्यावर ह्यानं चाळीच्या खोल्या काढल्या आणि भाडेकरूंना धाक हवा म्हणून मिशी वाढवली. भाडेकरू घाबरले की नाही देव जाणे, पण हा स्वतःच तिच्या प्रेमात पडला. सकाळी तेल, संध्याकाळी कंगवा, लग्नकार्यात पीळ. हळदीला दोन्ही हातांनी मिशीची टोकं धरून नाचणारा माणूस तुम्ही कुठं पाहिला असेल, तर तो हाच.

बायको तुळशी. तोंडानं फटकळ, देवाधर्माला पक्की. लेकीचं, जिज्ञासाचं, लग्न काही केल्या जुळेना. तेव्हा उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या साडीवाल्या सिंधी बाईनं तिला सल्ला दिला, की हिमाचलात नैनादेवीला चुनरी बोल, झट मंगनी पट ब्याह. तुळशी बोलली, आणि खरंच बदलापूरचा यज्ञेश चालून आला, तोही नोकरीवाला. लग्न वैशाखात ठरलं. पण नवस फेडल्याशिवाय दारात मांडव पडणार नाही, असं तुळशीनं सगळ्यांना बजावलं. तिच्या गुडघ्यांना डोंगर झेपत नव्हता, म्हणून नवरात्रात चुनरी देऊन नवऱ्याला एकट्याला धाडलं.

आणि हा पठ्ठ्या गेला कुठं, तर बिकानेरला!

त्याचं झालं असं. चाळीत लाद्या बसवायला आलेल्या एका राजस्थानी मिस्त्रीनं त्याला सांगितलं होतं, की आमच्या गावाकडं नवरात्रात मिशांची जत्रा भरते, तुमच्यासारख्या शेठनं यायलाच पाहिजे. झालं, ह्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आधी जत्रा, तिथून देवी, म्हणजे एका फेरीत दोन कामं, असा त्याचा हिशोब होता. जत्रेत जाऊन बघतो तर तिथले बाप्ये मिशा कानाला गुंडाळून बसलेले. एकानं तर सोडून दाखवली ती जमिनीला टेकली. त्यांच्यापुढं हरिचंद्राची मिशी म्हणजे वाट चुकलेली भुवई. नंबर राहू द्या, कुणी फोटोही काढला नाही. बिचारा असा खट्टू झाला की मिस्त्रीच्या अंगणात बाजेवर उघडाच पडून राहिला, रात्रीदेखील. देवीला जायचं त्राण उरलं नाही. चुनरी त्यानं रस्त्याकडेच्या एका देवळीत बांधली, देवी ती देवीच म्हणून. आणि प्रसाद घेतला तो कॅम्प दोनमधून, घरी येता येता. तुळशीनं तो डोळ्यांना लावला तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोलणार कोणत्या तोंडानं?

माघात वरच्या ओठावर, मिशीच्या डाव्या बाजूला, एक पुटकुळी आली. दुखेना, खुपेना, पण जाईही ना. हळूहळू तिची पुळी झाली, मग मधे खड्डा आणि कडेनं बांध. शेजारच्या बनूबाईंनी मिशीला नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरल्या. मेडिकलवाल्यानं एकामागून एक मलमं दिली. मलमं संपली आणि खड्डा तेवढा वाढला. शेवटी तुळशीनं त्याला रिक्षात कोंबलं आणि अंबरनाथला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

डॉक्टर ऋता तरुण, पण नजर बारीक. जखम कधीपासून, दुखते का, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी नेमकं नको तेच विचारलं, की काका, गेल्या वर्षभरात बाहेरगावी कुठं जाणं झालं? शेजारी तुळशी बसलेली. हरिचंद्र म्हणाला, हिमाचल. तुळशीनं वर जोडलं, देवीला.

डॉक्टरांनी जखमेची कड खरवडली, काचेवर पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पेशींच्या पोटात बारीक गोल जंतू होते, प्रत्येकात दोन ठिपके. हा लिश्मानिया, त्या म्हणाल्या. वाळूमाशी चावल्यानं होतो, शिवल्यानं पसरत नाही, बरा होतो. पण ह्यांच्या जाती बऱ्याच आणि काचेखाली सगळ्या एकाच आईची लेकरं. हिमाचलात डोनोव्हानी नावाची जात मिळते. काळा आजार करणारी जात तीच, आणि ती पोटात उतरली तर प्लीहा सुजते. म्हणून पोटाची सोनोग्राफी करू, रक्त तपासू आणि जंतूची जात नक्की करू.

आता बिकानेर म्हटलं असतं तर डॉक्टरांनी आधी दुसरीच जात मनात धरली असती. पण खोट्याला पाय नसतात म्हणतात, हरिचंद्राच्या खोट्यानं मात्र त्याला चांगलं फिरवलं. पोटावर थंडगार जेली काय, दंडातून रक्त काय! प्लीहा जागच्या जागी निघाली, पण जीव टांगणीलाच राहिला. खरं सांगावं तर नवस बुडवला हे कळणार आणि पोरीचा मांडव अडणार. न सांगावं तर ह्या सुया.

मग डॉक्टर म्हणाल्या, जात ओळखायला जखमेच्या कडेचा तुकडा हवा, आणि मिशी काढावी लागेल. हरिचंद्र पार हादरला. रदबदली करून करून डाव्या बाजूवर तोड निघाली. अर्धी मिशी गेली आणि उरलेल्या अर्धीवर हा रुमाल धरून हिंडायला लागला.

तुकडा औषधी पाण्याच्या बाटलीत घालून डॉक्टरांनी नवराबायकोकडं दिला. सकाळी मुंबईच्या लॅबमध्ये पोचवा, फ्रीजमध्ये ठेवू नका, आतला जंतू जिवंत राहिला पाहिजे, तिथं त्याला वाढवणार आहेत, असं बजावलं. तुळशीनं बाटली घरी आणली आणि तिचा जीव खालीवर व्हायला लागला. ऐन उन्हाळ्यात फ्रीजबाहेर मांस ठेवायचं? नासणार नाही का? तिचं माहेरही मिठागरवाल्यांचंच. बोंबील असो, कैरी असो, मीठ लावलं की टिकतं, हे ती आईच्या दुधाबरोबर शिकलेली. तिनं झाकण उघडून चांगलं मूठभर मीठ आत सोडलं आणि निवांत झोपली.

लॅबवाल्यांनी डॉक्टरांना फोन केला की पेशंटनं लोणचं पाठवलंय. आतला एकूण एक जंतू मेला होता. तुळशीला बोलणी बसली. पुन्हा तुकडा काढायचं ठरलं तेव्हा ती वैतागून म्हणाली, अर्ध्या मिशीनं व्याह्यांपुढं उभं राहणार काय? हरिचंद्रानं डोळे मिटले आणि उजवी बाजूही न्हाव्याच्या हवाली केली. आरशात बघितलं तर त्याला स्वतःचा बिनमिशीचा मेव्हणा दिसला.

ह्या खेपेला बाटली नीट पोचली. जंतू वाढले, त्यांची जनुकं तपासली आणि लग्न तोंडावर आलं असताना रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"ट्रॉपिका निघाली काका. म्हणजे पोटाची काळजी नाही, जखमेतच इंजेक्शनं देऊ. ही जास्त करून बिकानेरकडं मिळते. पण हिमाचलातही सापडली आहे, तेव्हा तुम्हाला माशी तिथंच चावली असेल."

बघा, डॉक्टरीणबाईंनी आयती वाट काढून दिली. हरिचंद्राचा श्वास मोकळा झाला. नुसती मान हलवायची होती. तेवढ्यात तुळशीनं हात जोडून कपाळाला लावले.

"देवीच्या डोंगरावर चावली ना? मंग त्यो परसादच. माज्या पोरीसाठी यानी किती सोसलं बगा."

हे मात्र त्याला सोसलं नाही. बायकोनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं खुशाल खाल्ल्या असत्या, पण हे कौतुक थेट काळजाला लागलं.

"तुलशे," तो खाली बघत म्हणाला, "मी देवीला गेलोच नाय. बिकानेरला गेल्तो. मिशीच्या जत्रंला."

डॉक्टर रिपोर्टात डोकं घालून बसल्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या, यज्ञेशच्या घरी बस्ता बांधून झाला होता आणि दवाखान्याच्या धावपळीत मांडववाल्याला होकार द्यायचा तेवढा राहिला होता. हे सगळं तुळशीच्या तोंडावर एकामागून एक उमटत गेलेलं हरिचंद्राला दिसलं. त्याला वाटलं, आता मोडलं सगळं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मिशीही नव्हती.

"नंबर तरी आयला काय?" तुळशीनं विचारलं.

"नाय."

तिनं त्याच्या उघड्या ओठाकडं पाहिलं. मग पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

"माज्या देवीला सोरून मिशी मिरवाला गेल्तास. तिनं ती मिशीच घेतली रं. फिटला नवस."

डॉक्टरांनी सुई भरली. हरिचंद्र बाकावर आडवा झाला. ओठातलं इंजेक्शन ते, ब्रह्मांड आठवलं त्याला. तशातही त्यानं विचारलं, मिशी परत येईल ना? येईल, डॉक्टर म्हणाल्या, पण व्रण राहील, आणि व्रणावर केस उगवणार नाहीत.

"मंग तेवरी जागा देवीची," तुळशी म्हणाली, आणि मांडववाल्याला फोन लावायला बाहेर गेली.