मी न बोललेलं अण्णांना ऐकू आलं

या सदरातले अनुभव मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचते. वाचते आणि हसते, हे आधीच सांगून टाकते. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. आमच्या धंद्यात जी गडबड पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही असं धरतात. भुताखेतांनाही मी तोच नियम लावत आले. दृष्ट काढून ठेवलेल्या नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी केली आहे मी, आणि घरात सगळ्यांनी ती खाल्ली आहे. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय... कारण हसून सोडून द्यायला अंगात ताकद राहिलेली नाही.

आम्ही बेंगळुरूला सर्जापूर रोडवर राहतो. मी सांगलीची. नवरा श्रीकांत मात्र इथलाच — त्यांचं घराणं किती पिढ्यांपासून इथे आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण अर्धी कन्नड कालवलेली. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात होते. जन्मभर रिसीव्हर कानाला लावून आवाज तपासले आणि म्हातारपणी कानच गेले. मशीन घातलं की ऐकू येतं. काढलं की शेजारी फटाका फुटला तरी पत्ता नाही. सासूबाई गेल्यावर बसवनगुडीचं घर सोडून ते आमच्याकडे आले. मला ते 'अम्मा' म्हणतात. कन्नडमध्ये लेकीलाही लाडाने तसं म्हणतात.

अण्णा खाष्ट असते तर सोपं गेलं असतं. ते स्वतःचं ताट स्वतः धुतात, भाजीला कधी नाव ठेवत नाहीत. पण गॅस चालू करून विसरतात. रात्री उठतात, दार उघडून लिफ्टपाशी जाऊन उभे राहतात. आधी एकदा बाथरूममध्ये पडले होते. मदतीची बाई गावाला गेली ती परत आलीच नाही. श्रीकांत निम्मा आठवडा हैदराबादला. ओजस चौथीत. मी ऑफिसच्या कॉलवर एक कान आणि स्वयंपाकघराकडे एक कान ठेवून दीड वर्ष काढलं. सहन होत नाही आणि सांगता येत नाही, अशी गत.

त्या शुक्रवारी ऑफिसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी लॅपटॉपवर एका वृद्धाश्रमाची वेबसाइट उघडली. कनकपुरा रोडच्या बाजूला, बैठी घरं, फाटकापाशी फणसाचं मोठं झाड. फोटो बघितला आणि पान बंद केलं. कोणाला म्हणजे कोणालाच बोलले नाही. बोलणं शक्यही नव्हतं, कारण गुरुवारपासून माझा आवाज पूर्ण बसला होता — दुष्काळात तेरावा महिना. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवडाभर एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजण्याने घशाला जास्तच ताण पडतो. मी घरात हातवारे करत होते, नाहीतर फोनवर टाइप करून दाखवत होते.

आणि रविवारी सहल. डिसेंबरची सुट्टी लागली होती. ओजसने महिनाभर मागे लागून शहरातलं मोठं सायन्स म्युझियम बाबाकडून कबूल करून घेतलं होतं. श्रीकांत म्हणाला, अण्णांनाही नेऊ, त्यांना मशिनं बघायला आवडतात. मी मान हलवली. डबे भरले, गोळ्या घेतल्या, जास्तीचा शर्ट घेतला. निम्म्या रस्त्यात लक्षात आलं की अण्णांचं कानाचं मशीन चार्जरवरच राहिलं. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. श्रीकांत म्हणाला, राहू दे गं, तिथे बघायचंच असतं, ऐकायचंय काय. मग आरशातून आमच्या दोघांकडे बघून हसला — आज मागच्या सीटवर काय शांतता आहे म्हणून. मला हसू आलं नाही.

म्युझियममध्ये ही गर्दी. शाळांच्या सहली, रांगेत चेंगरणारी पोरं. इंजिनांच्या दालनात अण्णा खूश होते, एकेका इंजिनाला हात लावून बघत होते. पण वरच्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचे पाय बोलायला लागले. ओजसला थ्रीडी शो बघायचा होता. श्रीकांत त्याला घेऊन गेला आणि आम्हा दोघांना एका दालनात बसवून गेला.

तिथे दालनाच्या दोन टोकांना, समोरासमोर, माणसाहून उंच अशा दोन खोलगट तबकड्या होत्या. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते — एकाने एका तबकडीकडे तोंड करून हळू बोलायचं, दुसऱ्याने लांब दुसऱ्या तबकडीपाशी कान न्यायचा. मधे कितीही कलकलाट असला तरी आवाज पोचतो. यात गूढ काही नाही. पाटीवर सगळं शास्त्र लिहिलेलं आहे, आणि ते मी वाचलं.

दोन्हीकडे चढायला एक पायरी होती. माझ्या बाजूच्या पायरीवर मी तबकडीकडे तोंड करून बसले, निव्वळ लोकांकडे पाठ करायला मिळते म्हणून. अण्णा काठी टेकत पलीकडची तबकडी बघायला गेले. आमच्या पाठी एकमेकांकडे. एक मुकी आणि एक बहिरा, कुजबुजायच्या जागी.

मी डोळे मिटले. आणि जे रोज पोळ्या लाटताना करायची तेच करू लागले — मनातल्या मनात अण्णांशी बोलू लागले. अण्णा, आता माझ्याच्याने होत नाही. तुमचं काही चुकत नाही, पण मी झोपलेली नाही हो, किती दिवस. तुम्ही त्या कनकपुरा रोडच्या आश्रमात जाल का? जागा चांगली आहे. फाटकापाशी फणसाचं झाड आहे... ओठ हलत नव्हते. हे मी शपथेवर सांगते. पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांत धरलेलं होतं आणि बाटली मांडीवर होती.

तबकडीतून अण्णांचा आवाज आला, अगदी कानाजवळ.

"सरी, अम्मा. बरं. एवढं काय त्यात. जातो मी."

मी डोळे उघडले. मला वाटलं, ते स्वतःशीच काहीतरी बोलतायत.

"फणसाचं झाड आहे म्हणतेस, ते एक बरं. खाली बसायला येतं."

मांडीवरची बाटली कलंडली, पाणी सगळं पायावर. वळून बघितलं तर अण्णा माझ्याकडे पाठ करून, तबकडीला कान लावून उभे. फोनवर बोलताना माणूस मान हलवतो तशी हलवत होते.

मला काय वाटलं ते सांगते. भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, सगळ्या अंगाला. मी तबकडीकडे वळले. आवाज नव्हताच. मी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. मग मनात ओरडले — नको अण्णा. जाऊ नका. मी असंच म्हटलं. जाऊ नका. परत परत, जितक्या जोराने मनात ओरडता येतं तितक्या जोराने.

पलीकडून थोड्या वेळाने आवाज आला, "स्वल्प जोरात बोल. आता काही येईना."

ते थांबले. कान तसाच लावून बराच वेळ थांबले. मी मनात ओरडायची थांबले नाही. मग त्यांनी बोटाने तबकडीवर टकटक केली आणि म्हणाले, "लाईन गेली वाटतं." काठी घेऊन शांतपणे माझ्याकडे आले, माझे ओले पाय बघितले, आणि खिशातला रुमाल काढून दिला.

परतताना गाडीतच त्यांनी श्रीकांतला सांगून टाकलं, मला वृद्धाश्रमात राहायचंय, कनकपुरा रोडला एक आहे म्हणतात. श्रीकांतने गाडी बाजूला घेतली. घरी आल्यावर तो खूप चिडला, मग रडला. आमच्यात काय कमी पडलं म्हणून. मला म्हणाला, तुला तरी काय विचारणार, तू तर चार दिवस तोंडसुद्धा उघडलेलं नाहीस.

मी तपासायचं ते सगळं तपासलं. ऑफिसचा लॅपटॉप अण्णांनी कधी हातात धरलेला नाही. ओठ वाचावेत तर पाठीला पाठ होती. डोळा लागून झोपेत पुटपुटले असेन म्हणावं तर घशातून स्वरच निघत नव्हता, आणि पुटपुटले असते तरी मशीनशिवाय त्यांना ते ऐकू येणं शक्य नाही. महिन्याभराने ओजसला घेऊन मी पुन्हा तिथे गेले, त्याला पलीकडे उभं केलं आणि इकडून मनातल्या मनात त्याचं नाव घेत राहिले. तो म्हणाला, मम्मा, काहीच येत नाहीये, तू बोलतेयस का? म्हणजे माझ्या नियमाने हे झालंच नाही.

अण्णांना मी विचारलं होतं, तुम्ही ऐकलंत कसं. त्यांना प्रश्नच कळला नाही. तू बोललीस, मी ऐकलं, म्हणाले. बसलेला नव्हता हो तुझा आवाज त्या वेळी, स्वच्छ येत होता. यापलीकडे माझ्याकडे काही उत्तर नाही. पहिलं पोचलं आणि दुसरं का पोचलं नाही, याचं तर मुळीच नाही. मी दोन्ही एकाच जागी बसून म्हटलं होतं.

अण्णा आपलं म्हणणं सोडेनात, शेवटी श्रीकांत कबूल झाला. अण्णा जायच्या आदल्या दिवशी मी त्यांची बॅग भरत होते. माझा आवाज तोवर परत आला होता. मी त्यांच्या कानात मशीन नीट बसवलं, समोर बसले आणि म्हटलं, "अण्णा, जाऊ नका. मला खरंच वाटतंय, जाऊ नका."

त्यांना नीट ऐकू आलं. त्यांनी माझा हात थोपटला.

"हे तू तोंडाने बोलतेस, अम्मा," ते म्हणाले, आणि घडी केलेला स्वेटर माझ्या हातात दिला.