हातचं राखून

कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर दोघी जावांतल्या थोरलीसारखा सफाईदार हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. कापडाचे थरावर थर रचलेले असले, तरी तिचं मशीन रेघ सोडून केसभर सरकत नसे. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. मॅनेजर म्हणाले, "बाई, माझी ना नाही. पण दहावी पास लागते." थोरलीची दहावी लग्नाआधी गणितात बुडाली होती आणि ती वर काढायला पुन्हा कुणाला सवड झाली नव्हती.

तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. घरी भाजी चिरता चिरता तिने हे सांगितलं, तेव्हा नवरा आणि दीर दोघेही खूश झाले. थोरलीला बरं वाटलं. तेवढ्यात भांडी पुसणारी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, मी पण येऊ का? माझंही गणितच राहिलंय."

"तुला कशाला गं?"

"असंच. राहून गेलं ते टोचतं अधूनमधून."

त्या 'असंच'वर थोरलीची सुरी क्षणभर थांबली. आपण गरजेपोटी निघालोय, आणि हिला हौस आलीय. पण नाही कसं म्हणणार?

वर्ग एका छापखान्याच्या माडीवर भरायचा. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे वर अडकायचे. मास्तर निवृत्त झालेले. फळ्यावर एक उदाहरण सोडवायचे, बाकीची लिहून द्यायचे आणि म्हणायचे, "आता एकमेकांना विचारा. मला विचाराल तर विसराल, एकमेकांना शिकवाल तर लक्षात राहील." मग ते खिडकीशी पेपर वाचत बसायचे.

पहिले काही दिवस सगळेच चाचपडत होते. मग एका संध्याकाळी वर्तुळाच्या स्पर्शिकेचं उदाहरण आलं आणि सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. धाकटीने आकृतीत एक रेघ मारली. "जिथे स्पर्शिका टेकते ना, तिथपर्यंत केंद्रातून त्रिज्या काढायची. काटकोन आपसूक हातात येतो. पुढचं सोपंय." शेजारच्या बाकावरचा टॅक्सीवाला डोकं खाजवत म्हणाला, "एवढंच होतं होय?" त्या दिवसापासून जो तो तिच्या बाकाशी गर्दी करू लागला.

थोरली तिच्या शेजारीच बसायची, म्हणजे गर्दीत सगळ्यांचे कोपर तिलाच लागायचे. वरून टॅक्सीवाला म्हणाला, "तुम्ही तर दिवसभर आकारच कापता. भूमिती तुम्हाला हातचा मळ असेल." थोरली हसली. खरं म्हणजे कारखान्यात रेघा दुसरंच कुणी मारायचं, ती फक्त त्यांच्यावरून कापायची. रेघ कुठे मारायची हेच तिला सुचत नव्हतं, आणि ते धाकटीला चटकन सुचत होतं. हे तिला मिरचीसारखं झोंबलं.

तरी हे वर्गापुरतं राहिलं असतं, तर तिने गिळलं असतं. एका रविवारी तिची लेक वही घेऊन स्वयंपाकघरात आली आणि आईच्या समोरून वळसा घालून काकूकडे गेली. "काकू, हा कोन कसा काढायचा?"

"आईला विचार की," धाकटी म्हणाली.

"आईला भूमिती येत नाही," लेक सहज बोलून गेली. थोरलीच्या हातून कणीक जरा जास्तच मळली गेली.

त्याच दुपारी धाकटी पुस्तक घेऊन तिच्याकडे आली. "ताई, ही शाब्दिक उदाहरणं माझ्या डोक्यावरून जातात हो. होडी, प्रवाह, वेग... वाचता वाचता मी कुठे पोचते तेच कळत नाही. तुम्हाला जमतात का?"

जमत होती. थोरलीला ती अगदी छान जमत होती. कोण काय मागतंय, कुणाचं काय लपलंय, हे बोलण्यातून हेरायची तिला घरात सवयच लागली होती. जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं आणि त्याच्याबद्दल जे जे सांगितलंय ते मांडत जायचं.

"नाही गं," ती म्हणाली. "मलाही नाही येत."

धाकटीने मान हलवली आणि उलट तिलाच समरूप त्रिकोण समजावत बसली, मन लावून, पुन्हा पुन्हा. थोरली ऐकत राहिली. तिला लाज वाटत होती, पण लाजेहून समाधान थोडं जास्त होतं.

लपवलेलं फार काळ टिकलं नाही. सराव परीक्षेत धाकटीची सगळी शाब्दिक उदाहरणं चुकली. घरी ती हिरमुसून बसलेली पाहून लेक म्हणाली, "काकू, आईकडून शिक ना. आईने मला वयांचं उदाहरण किती मस्त शिकवलं. आज आईचं वय मुलीच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट. मुलगी बारा वर्षांची, आई छत्तीस. मला एकदम पटकन आलं."

लेक गेल्यावर धाकटीने विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही." थोरलीने टेबल पुसायला घेतलं. मग हात थांबवून ती म्हणाली, "सगळे तुझ्याकडे येतात ते मला बघवत नाही. माझी पोरसुद्धा."

"तुम्हाला येत होतं तेवढं तरी तुम्ही मला द्यायचं होतंत," धाकटी म्हणाली आणि आपलं पुस्तक उचलून गेली.

धाकटी काही देवमाणूस नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती टॅक्सीवाल्याच्या बाकावर बसू लागली. भूमिती समजावताना वही अशी धरायची, की थोरलीला दिसू नये. घरी बोलणं मिठापुरतं, डब्यापुरतं. परीक्षा जवळ आली आणि थोरलीची प्रमेयं जिथल्या तिथे अडकून पडली. तिकडे टॅक्सीवाला धाकटीला होडीचं उदाहरण समजावत होता, आणि तेही चुकीचं. ते ऐकवेना.

थोरली उठली आणि त्यांच्या बाकाशी जाऊन उभी राहिली. "सरक जरा."

धाकटी सरकली, पण तिने वर पाहिलं नाही.

"होडीचा वेग क्ष, पाण्याचा य. पाणी पाठीशी असेल तेव्हा बेरीज, समोरून येत असेल तेव्हा वजाबाकी. एवढंच लिही आधी. होडी कुठे चाललीय याचा विचारच करू नकोस."

धाकटीने लिहिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "मग दोन समीकरणं झाली."

"झाली ना. सोडव."

तिने सोडवलं. मग आपली वही थोरलीपुढे सरकवली आणि म्हणाली, "तुमचं ते दुसरं प्रमेय काढा. कालपासून चुकीचीच रेघ मारताय, मी बघत होते."

परीक्षेच्या पेपरात होडीचंच उदाहरण आलं. थोरलीने समीकरणं बरोबर मांडली, पण घाईत वजाबाकीचं चिन्ह चुकवलं. धाकटीचं उत्तर अचूक आलं. बाहेर आल्यावर तिने ते आनंदाने सांगितलं आणि थोरलीचा चेहरा पाहून प्रश्नपत्रिका पिशवीत टाकली.

निकाल लागला. दोघी पास. थोरलीने आपले गुण बघायच्या आधी धाकटीचे पाहिले. तिला बरेच जास्त होते. सुपरवायझरची जागा थोरलीला मिळाली, नवऱ्याने सगळ्यांना मिठाई वाटली. शेजारीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या जावेने तर कमाल केली हो." थोरली म्हणाली, "हो ना, हुशार आहेच ती." आणि तिने दार जरा जोरातच लावलं.

धाकटीने बारावीसाठी नाव घातलं. आठवडाभराने थोरलीनेही घातलं. नवरा म्हणाला, "आता कशाला? सुपरवायझर तर झालीस."

"ती एकटीच पुढे जाईल ना," थोरली म्हणाली, आणि जावेला हाक मारून विचारलं की पहिल्या धड्यात नक्की काय काय आहे.