अकरा दिवसांचे आकडे

आमच्या ह्यांनी आयुष्यात कोणाला पटकन "छान" म्हटल्याचं मला आठवत नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी केस कापून घेतले आणि कसे दिसतात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अजून सांगता येत नाही. थोडे दिवस बघू." त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. अजून बघतायत.

यात त्यांचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त, अशी मी मनाची समजूत घालत आले. अठ्ठावीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानात जायचं, काट्यावर आपल्या पेटीतली वजनं ठेवायची, एकदा नाही, पाच वेळा, आणि पाचही वेळा काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला तर शिक्का मारायचा. दुकानदार म्हणायचे, साहेब, आधी चहा तर घ्या. हे म्हणायचे, आधी काटा. घरी मी बटाटे आणले तरी पिशवी हातात तोलून "चाळीस ग्रॅम कमी आहेत" म्हणत आल्यापावली दुकानात परत जायचे. आणि खरंच कमी असायचे, यानेच तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काट्याखालोखाल त्यांना आवडायचं ते धावणं. वीस वर्षं रोज सकाळी, न चुकता. खातं दुसऱ्या खात्यात विलीन झालं आणि पन्नाशी उलटलेल्यांना घरी पाठवलं, तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस वर्षभर खिडकीत बसून राहणार. पण तिसऱ्याच दिवशी हे फिटनेस ट्रेनरच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म घेऊन आले. वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं, दंड फुगवलेली, आणि मधोमध आमचे हे, चष्मा लावून स्नायूंची नावं वहीत उतरवून घेतायत. पहिल्या झटक्यात पास झाले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? आणि तसं मी त्यांना लगेच सांगितलंही, कारण मी काही वजनमापं खात्यात नव्हते.

कणांचं खूळ मात्र माझ्यामुळे घरात शिरलं. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असते. बाद झालेल्या गठ्ठ्यात एक पुस्तक मिळालं, शिवण उसवलेलं, अणूच्या आतल्या कणांवरचं. म्हटलं, अभ्यासातून विरंगुळा होईल. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! त्यानंतर महिनाभर आमच्या दोघांच्या पंगतीला क्वार्क आणि म्युऑन. त्यातही एका गोष्टीने त्यांच्या मनात घरच केलं. प्रचंड यंत्रात कण एकमेकांवर आपटतात, आलेखावर एखादा उंचवटा दिसतो, पण शास्त्रज्ञ लगेच नाचायला लागत नाहीत. पुन्हा आपटतात. पुन्हा मोजतात. तो उंचवटा निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता साधारण पस्तीस लाखांत एक इतकी खाली उतरली, की मगच म्हणतात, सापडला.

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर गप्प बसतात," हे म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू लहानपणी हरवलेली भावंडं भेटली. मी कपाळाला हात लावला आणि भांडी घासायला घेतली.

पुढे एका जिमच्या मालकाने त्यांना तीन महिन्यांच्या बोलीवर सकाळचा धावण्याचा वर्ग दिला. अट एकच. शेवटच्या रविवारी तो स्वतः येणार, आणि रेषेवर निदान दहा माणसं उभी असली पाहिजेत. दहा असली तर नोकरी कायम, नाहीतर सकाळची वेळ नाचत व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना. एक्कावन्नाव्या वर्षी नव्याने ट्रेनर झालेल्या माणसाला दुसरी कुठलीही जिम दारात उभी करणार नव्हती. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मालकाला तर चांगलंच माहीत होतं.

सुरुवातीला चौदा जण आले. रस्ता दोन किलोमीटरचा: जिमच्या फाटकापासून कालव्याच्या कडेने, गोदामांच्या मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत फाटकाशी. हे फाटकाशी उभे, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात नोंदवही. शिकवायचे मात्र फार चांगलं. कोणाचा पाय कुठे वाकडा पडतो, कोणाचा श्वास कुठे अडतो, सगळं बरोबर हेरायचे. कोणाचा गुडघा दुखला नाही की घोटा मुरगळला नाही. पण माणसाला नुसतं शिकवून भागत नाही ना!

बँकेतला एक रोखपाल होता, पोट सुटलेला, हौशी. पाचव्या आठवड्यात तो धापा टाकत आला आणि ओरडला, "सर, पंचवीस सेकंद! पंचवीस सेकंद कमी!"

"आज गारवा होता," हे वहीत लिहीत म्हणाले. "शिवाय हे एकदाच घडलंय. अजून पंधरावीस वेळा झालं की मग बोलू."

रोखपाल बिचारा घाम पुसत उभा राहिला. पुढच्या आठवड्यात तो नाचाच्या वर्गात दिसला, आणि जाताना त्याने आपल्याबरोबर चौघांना नेलं.

"अहो, एक शब्द!" ह्यांच्याकडूनच हे ऐकल्यावर मी हातातलं भांडं आपटत म्हटलं. "एक 'शाब्बास' म्हटलं असतं तर तुमची जीभ झिजली असती का?"

"आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा मागे पडला असता म्हणजे? मी खोटा ठरलो असतो."

"खोटे ठरा ना! जग खोटं बोलून चाललंय, तुम्ही एकटे काय शिक्का घेऊन बसलात?"

पण पालथ्या घड्यावर पाणी. राहिले नऊ. दहावी मी. मला धावायची आवड नाही, पायात बळही बेताचंच, पण संसार आपला म्हटल्यावर रेषेवरही आपणच उभं राहायचं. मी दोन किलोमीटर चौदा मिनिटांत धावायला लागले. त्यावर ह्यांचं मत काय, ते विचारायच्या भानगडीत मी पडलेच नाही.

आता उरलेल्यांतली बेकरीवाली सगळ्यात मागे असायची. जाडजूड, हसतमुख बाई, पहाटेपासून पाव भाजून थकलेली. शेवटचा पंधरवडा लागला, तेव्हा एका सकाळी गोदामांच्या मागे ती भिंतीला टेकून रडताना मला दिसली.

"मी उद्यापासून येत नाही ताई," ती म्हणाली. "अडीच महिने झाले. मी पहिल्यापेक्षा बरी धावते की नाही, एवढं तरी कोणी सांगावं. सर नुसतं वहीत लिहितात. मला वाटतं, मी त्यांच्या वहीतली चूक आहे."

ती गेली असती तर राहिले असते नऊ. पण तेवढंच नव्हतं. अडीच महिने ती बाई पिठाच्या हातांनी धावत येत होती आणि आमच्या ह्यांच्या तोंडून तिच्यासाठी एक शब्द निघाला नव्हता. मला इतकी शरम वाटली की काय सांगू! मी म्हटलं, मी तुझ्याबरोबर धावते. ती म्हणाली, चालेल, पण सरांना कळू देऊ नका, माझी कीव केल्यासारखं होईल. मी शब्द दिला.

तेव्हापासून मी गोदामांपाशी तिच्यासाठी वेग कमी करायचे. पहिल्या दिवशी थोडीच सोबत, मग टाकीपर्यंत, मग टाकीच्याही पुढे, रोज जरा जास्त. तिच्या सासूच्या गोष्टी, तिच्या भट्टीच्या गोष्टी. शेवटच्या वळणाला मी पुढे निघायचे आणि ती मागून यायची. फाटकाशी उभं राहून त्यातलं काहीच दिसत नाही. बाई पुन्हा हसायला लागली आणि तिची दोन मिनिटं कमी झाली. ह्यांनी ती लिहून घेतली. गप्पच.

रविवार उजाडला. दहाच्या दहा हजर. मालक नवे बूट घालून आला, डोकी मोजली, मान डोलावली. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. रेषेवर उभी राहिले, शेजारी बेकरीवाली. तेवढ्यात हे माझ्यासमोर आले.

"तू धावायचं नाहीस," हळूच म्हणाले.

"काय?"

"अकरा दिवस तुझी वेळ वाढतेय. रोज सात-आठ सेकंद. एकदाही उलटी फिरली नाही. आपण दवाखान्यात जातोय. आत्ता."

"अहो, मालक उभाय! मी गेले तर नऊ राहतील!"

"राहू देत."

माझ्या डोक्यात अक्षरशः जाळ झाला. दीड महिना ज्याच्यासाठी मी घसा कोरडा करून पळत होते, ते हा माणूस रेषेवर आणून कालव्यात टाकत होता. बेकरीवाली हातभर अंतरावर, कान देऊन. तिचं नाव कसं घ्यायचं? मी दात ओठ खात म्हटलं, "मी मुद्दाम हळू धावत होते. मला काही झालेलं नाही."

"आईही असंच म्हणायच्या," हे म्हणाले.

माझी आई त्रेपन्नाव्या वर्षी जिन्यात कोसळली ती उठलीच नाही. त्याआधी महिनाभर ती हळू चालायला लागली होती, आणि कोणी विचारलं की म्हणायची, मुद्दाम हळू चालते, घाई कशाची आहे? तेव्हा आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आईचं चालणं मंदावल्याचं ह्यांच्या लक्षात आलं होतं, असं त्यांनी मला फार उशिरा, एकदाच सांगितलं. खात्री नव्हती म्हणून बोललो नाही, म्हणाले होते.

ह्यांनी स्टॉपवॉच काढून मालकाच्या हातात ठेवलं. "तेवढं बघा," म्हणाले, आणि माझा दंड धरून चालायला लागले. मागे मालक काहीतरी ओरडत होता. रिक्षात मी एक अक्षर बोलले नाही, कारण बोलले असते तर चालकाने आम्हाला उतरवलं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या, पट्ट्यावर चालवलं, रक्त काढलं. ह्यांनी प्रत्येक कागद हातात घेऊन वाचला. शेवटी बाई म्हणाल्या, "उत्तम आहे. तिशीतल्या बाईचं असावं असं हृदय आहे."

"कितपत खात्रीने?" ह्यांनी विचारलं.

"अहो, घरी जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचंही डोकं फिरायला आलं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी सगळं ओकून टाकलं. बेकरीवाली, गोदामं, दिलेला शब्द, सगळं. बोलून संपतंय तोच मालकाचा फोन आला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण हे दोनदा "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

"वर्ग गेला," म्हणाले. "वाईट वाटतंय. फार."

वर्ग वाचावा म्हणून मी हळू धावले, आणि मी हळू धावले म्हणून ह्यांनी वर्ग घालवला. यात कोणावर चिडायचं तेच मला कळेना, म्हणून मी दोघांच्या वाटचं ह्यांच्यावरच चिडले.

"अकरा दिवस! त्या रोखपालाला म्हणे पंधरावीस वेळा करून दाखव, आणि माझे अकरा दिवस पुरले? तुमच्या त्या शास्त्रज्ञांना अकरा आकड्यांत काही सापडतं का?"

"नाही सापडत."

"मग? आयुष्यभर पाच पाच वेळा काटा बघितला आणि आजच कशी घाई झाली?"

त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"त्यांचं बरं असतं," म्हणाले. "सगळे इलेक्ट्रॉन अगदी एकसारखे असतात. एक गेला तरी दुसऱ्यावर मोजता येतं. त्यांना थांबायला काय जातंय?"

सत्तावीस वर्षांत हा माणूस माझ्याबद्दल जे काही बोलला होता, त्यात हे सगळ्यात मोठं होतं, आणि बोलायला मुहूर्त कुठला, तर पोट भरायचं साधन हातातून गेल्यावर पाचव्या मिनिटाला. मी त्यांना म्हटलं, हे आधी बोलता येत नव्हतं? म्हटलं, तोंडाला शिक्का मारलाय का कोणी? मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण आवाज चढत गेला, बाकावरची माणसं वळून बघायला लागली, आणि मधेच कधीतरी मी मोठमोठ्याने रडायला लागले. हे नुसते माझा हात धरून बसले होते.

आतून नर्स धावत आली. "काय झालं? रिपोर्ट वाईट आला का यांचा?"

"नाही हो," हे म्हणाले. "छान आलाय."